मोटरवर चालणारं कुलूप घरी बसवताय? आधी दार सरळ करा

गेल्या मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास मी नागपुरातल्या मिहान भागातल्या ऑफिसात होतो आणि आईचा फोन आला, शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून. "अरे, दार उघडून नाही राहिलं. मी बाहेरच अडकली."

झालं असं होतं की कचरागाडी आली म्हणून आई डबा घेऊन फाटकापर्यंत गेली. दार मागे लोटून घेतलं. तीस सेकंदांनी कुलूप आपोआप लागलं, कारण ती सेटिंग मीच केली होती. हात धुतलेले, बोटं ओली, त्यामुळे ठसा वाचला जाईना. चार-पाचदा बोट ठेवल्यावर कीपॅडच काही मिनिटांसाठी बंद झाला. मोबाइल आत. मी ऑफिसातून ॲप उघडलं तर 'डिव्हाइस ऑफलाइन'. आमच्या भागातली लाईन गेली होती आणि लाईनबरोबर राउटरही बंद पडला होता. जादा चावी आमच्याच कपाटात. मिहानहून त्रिमूर्ती नगरला पोचायला मला पाऊण तास लागला. तोवर काकूंनी आईला आपल्या घरी कूलरसमोर बसवून ठेवलं, म्हणून निभावलं.

कुलपात काहीही बिघाड नव्हता. बसवताना मी ज्या गोष्टींचा विचार केला नव्हता, त्या सगळ्या एकाच सकाळी समोर आल्या. त्यानंतर आमच्या नातेवाइकांकडे मी अशी बरीच कुलपं बसवायला मदत केली आहे. पहिल्यांदाच घेणाऱ्याने कुठून सुरुवात करावी आणि कुलूप अडलं तर काय बघावं, ते इथे सांगतो.

खरेदीआधी दारापाशी अर्धा तास द्या

या कुलपातली मोटर लहान असते. तिचं काम एवढंच, की बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारी दांडी, पुढे-मागे सरकवायचा. दार चौकटीत ओढून बसवणं, अडकलेला बोल्ट ठेलून काढणं तिला जमत नाही. आपण हाताने कुलूप लावताना नकळत गुडघ्याने दार दाबतो, हँडल थोडं उचलतो, मग चावी फिरवतो. मोटरला हे काहीच करता येत नाही. म्हणून पहिली परीक्षा दाराची घ्या. दार नुसतं लोटा, हात काढा, आणि दोन बोटांनी चावी फिरवून बघा. दार न दाबता, न उचलता चावी फिरली तर पुढे जा. नाही फिरली तर पैसे आधी सुताराला द्या.

बोल्ट नेमका कुठे घासतोय हे बघायची सोपी युक्ती आमच्या मिस्त्रींनी दाखवली. थोडं कुंकू पाण्यात कालवून बोल्टच्या टोकाला लावायचं, दार लावायचं आणि चावी फिरवायची. चौकटीवर बोल्टसाठी खाच असलेली पट्टी असते, तिच्यावर जिथे लाल डाग उमटतो, तिथे बोल्ट आदळतोय. आमच्या दारात डाग खाचेच्या खालच्या काठावर होता, म्हणजे दार लोंबलं होतं. मी लगेच कानस काढली. मिस्त्रींनी थांबवलं. "पट्टी काहून घासता भाऊ? पहिले वरची बिजागरी बघा." वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू लाकडात नुसते फिरत होते. ते काढून जास्त लांबीचे स्क्रू घट्ट बसवले, दार वर उचललं गेलं आणि पुढच्या वेळी डाग खाचेच्या आत पडला. पट्टीला हातही लावावा लागला नाही.

मग दार आणि चौकटीमधली फट मोजा. साधारण ३ मि.मी. हवी. चार एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी जाडी होते. ती चळत फटीतून वरपासून खालपर्यंत सरकली पाहिजे. नागपुरात हे जास्तच महत्त्वाचं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, लाकूड सुकून आकसलेलं असतं, आणि जून सरता सरता पाऊस लागला की तेच लाकूड ओल शोषून आडवं फुगतं. मेमध्ये मस्त चाललेलं कुलूप ऑगस्टमध्ये अडतं ते यामुळे. लाकूड सगळ्यांत जास्त ओल पितं ते कापलेल्या टोकांकडून, म्हणजे दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेतून. त्या कडा दिसत नाहीत म्हणून रंगारी त्या सोडून देतो. कुलूप बसवायच्या आधी त्यांना प्रायमर किंवा पॉलिश मारून घ्याच.

दाराची जाडीही मोजा. आपल्याकडचा साधा फ्लश डोअर बरेचदा ३० किंवा ३२ मि.मी.चा असतो आणि दारात कोरून बसवायची बरीच कुलपं ३५ मि.मी. किंवा जास्त जाडी मागतात. पॅनेलच्या दारात कडेची उभी पट्टी किती रुंद आहे तेही बघा. कुलपाची पेटी आत बरीच खोल जाते. पट्टी साडेचार इंचांपेक्षा अरुंद असेल तर कोरताना ती पलीकडे फुटायची भीती असते.

आणि एक माप जवळपास सगळेच विसरतात. आपल्याकडे मुख्य दाराच्या बाहेर जाळीचं किंवा ग्रिलचं दार असतं. नव्या कुलपाचा बाहेरचा भाग आणि हँडल मिळून दारापासून दोन-तीन इंच पुढे येतात. दोन्ही दारं लावून मधलं अंतर मोजा. माझ्या मावसभावाच्या घरी, बेशाला, कुलूप बसवून झालं, सगळे खूश झाले आणि जाळीचं दार लावायला गेलो तर ते लागेचना. हँडल जाळीला टेकत होतं. शेवटी जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या पुढे काढून घ्याव्या लागल्या.

कोणतं कुलूप घ्यावं

मोटरची घरगुती कुलपं ढोबळमानाने तीन तऱ्हेची. एक, दारात कोरून बसवायचं मॉर्टिस, हँडलसकट. स्वतःचं घर आणि जाड लाकडी दार असेल तर हेच घ्यावं. दुसरं, दाराच्या आतल्या बाजूला वरून बसणारी पेटी, आपल्या जुन्या नाईट लॅचसारखी. यात कोरणं कमी, जुनं कुलूपही राहू देता येतं, आणि पातळ दाराला हे चालतं. तिसरं, आहे त्याच कुलपाच्या आतल्या नॉबवर बसणारी मोटर. भाड्याच्या घरात हे सोयीचं, कारण बाहेरून काहीच बदलत नाही. पण ते घेताना एक खात्री करा: आतून चावी किंवा नॉब फिरलेल्या स्थितीतही बाहेरून चावी चालली पाहिजे. सगळ्या सिलिंडरमध्ये, म्हणजे चावी जाते त्या भागात, ती सोय नसते.

कुठलंही घ्या, बाहेरून किल्लीने उघडता येणारं घ्या. किल्लीचं भोक नसलेली कुलपं दिसायला छान असतात, पण म्हातारी माणसं असलेल्या घरात मी ती कधीच सुचवत नाही.

अमेरिकेहून मुलाने पाठवलेलं कुलूप हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. तिकडची कुलपं साधारण ५४ मि.मी.च्या गोल भोकात बसतात. आपल्या दारात तसं भोक नसतं. शिवाय ते झेड-वेव्हवर, म्हणजे घरातली उपकरणं बिनतारी जोडणाऱ्या एका पद्धतीवर, चालणारं असेल तर अडचण आणखी मोठी. अमेरिकेतलं झेड-वेव्ह ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतं, भारतातलं ८६५.२ वर. इथल्या हबला, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या डब्याला, ते कुलूप दिसणारच नाही, आणि हे कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. झिगबी (अशीच दुसरी बिनतारी पद्धत), ब्लूटूथ आणि वायफाय मात्र २.४ गिगाहर्ट्झवर असल्याने दोन्हीकडे चालतात.

लाईन गेली की दार उघडं पडेल का, असंही खूप जण विचारतात. ऑफिसच्या काचेच्या दाराला चुंबकी कुलूप असतं, वीज गेली की ते सुटतं. घरचं मोटरचं कुलूप बॅटरीवर चालतं आणि ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत राहतं. लागलेलं असेल तर लागलेलंच.

बसवताना

कंपनीचा माणूस येणार असेल तरी समोर उभे राहा. जुन्या कुलपाची भोकं नव्या कुलपाखाली झाकली जातात का, हे काही कापायच्या आधी बघायचं.

हँडल जमिनीपासून साधारण एक मीटरवर येऊ द्या. घरातल्या सगळ्यांत ठेंगण्या माणसाला बोलावून तिथे हात ठेवायला सांगा. कुलपाबरोबर आलेला कागदी साचा दाराला चिकटवा, गुण्याने रेष सरळ आहे का बघा आणि मगच खुणा करा. भोक पाडायच्या जागी मास्किंग टेप लावली की सनमायका किंवा व्हिनियर उडत नाही. भोक एका बाजूने अर्धं आणि दुसऱ्या बाजूने अर्धं पाडायचं. एकाच बाजूने ड्रिल आरपार घातलं तर पलीकडची बाजू फाटते. पेटीसाठी कोरून झालं की आतल्या कच्च्या लाकडालाही प्रायमरचा हात मारा आणि वाळू द्या.

पेटी घालताना लॅचचा, म्हणजे दार लोटल्यावर आपोआप अडकणाऱ्या जिभेचा, तिरका भाग चौकटीकडे येतोय ना ते बघा. डाव्या-उजव्या दाराप्रमाणे तो फिरवता येतो. त्यानंतर बाहेरच्या भागातून आत येणारी वायर. बसवताना होणारी सगळ्यांत महागडी चूक इथे होते. वायर पेटीच्या वरून किंवा खालून, तिच्यासाठी ठेवलेल्या वाटेनेच आत घ्या. आतली प्लेट कसताना ती पेटी आणि प्लेटमध्ये चेपली तर कुलूप आज चालेल आणि महिन्याभराने कधी बोट वाचेल, कधी नाही. तेव्हा कारण सापडायला दिवस जातो.

आरपार जाणारे लांब स्क्रू हाताने कसा, इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हरने नको. फार आवळले तर दोन्ही प्लेटांमध्ये पेटी दाबली जाते आणि मोटर जड चालते. आधी सगळे सैल लावा, किल्ली फिरवून बघा, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा आणि प्रत्येक वेळी किल्ली फिरवा. ती जिथे जड वाटायला लागली, तिथून अर्धा फेरा मागे या.

आणि बसवून झालं की दार उघडं ठेवूनच दहा-पंधरा वेळा चालवा. बोट, पिन, कार्ड, किल्ली, आतलं हँडल, सगळं. त्यानंतर एक माणूस आत, एक बाहेर, बाहेरच्याच्या हातात किल्ली, आणि मगच दार लावायचं.

पहिल्याच दिवशी करायच्या सेटिंग

कारखान्यातून आलेला मास्टर पिन आधी बदला. तो बरेचदा १२३४५६ इतका साधा असतो. बसवणाऱ्याने चाचणीसाठी स्वतःचं बोट नोंदवलं असेल तर तेही काढा.

कॅलिब्रेशनचा पर्याय असेल तर तो दार व्यवस्थित लागलेल्या स्थितीत चालवा. त्यातून बोल्ट पूर्ण बाहेर कुठपर्यंत आणि पूर्ण आत कुठपर्यंत, हे मोटर शिकते. दार लागलंय की नाही हे सांगणारा चुंबकाचा सेन्सर असेल तर तो बसवल्याशिवाय आपोआप लागायची सेटिंग सुरू करू नका. नाहीतर दार उघडं असतानाच बोल्ट बाहेर येतो आणि वाऱ्याने दार आपटलं की चौकटीवर घाव बसतो.

आमच्याकडे आता दिवसा आपोआप कुलूप लागत नाही. रात्री दहाला लागतं, तेही सेन्सरने दार बंद असल्याचं सांगितलं तरच. फाटकापर्यंत जाऊन यायचं, तुळशीला पाणी घालायचं, दूधवाल्याकडे जायचं, ही आपली दिवसभराची ये-जा तीस सेकंदांत मावत नाही.

ठसे नोंदवताना प्रत्येकाची निदान दोन बोटं, दोन्ही हातांची, आणि तेच बोट दोन-तीनदा वेगवेगळ्या कोनांतून नोंदवा. उन्हाळ्यात इथली कोरडी हवा बोटं खरखरीत करते, आणि भांडी-धुणं करणाऱ्या हातांच्या रेषा पुसट होतात. बाबांचं एकही बोट धड वाचलं जाईना, तेव्हा त्यांना कार्ड दिलं. ते त्यांनी घराच्या जुन्या किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलं आहे. आईला पिन आवडतो, मात्र तो आकडा तिने स्वतः निवडायचा. मी निवडलेला आकडा तिला त्या दिवशी आठवलाच नाही.

बॅटरी आणि इंटरनेट

बहुतेक कुलपांत चार किंवा आठ एए सेल लागतात. अल्कलाइनच घाला. भिंतीवरच्या घड्याळाला लागणारे स्वस्त सेल मोटरला सुरू होताना लागणारा करंट देऊ शकत नाहीत. रिचार्जेबल सेल तर आणखी फसवे. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे चार मिळून ६. रिचार्जेबल १.२ चा, चार मिळून ४.८. पूर्ण भरलेले असूनही कुलपाला ते संपत आलेले वाटतात, आणि खरंच संपतात तेव्हा आधी सूचना देत नाहीत. जुने-नवे सेल मिसळू नका, सगळे एकदम बदला. पश्चिमेचं ऊन थेट दारावर येत असेल तर बाहेरून छोटं छप्पर किंवा चिकाचा पडदा लावा. ४५ अंशांच्या दिवशी त्या दाराचा धातू हात ठेववणार नाही इतका तापतो आणि सेललाही ते सोसत नाही.

थेट वायफायवर चालणारं कुलूप बॅटरी भराभर खातं. ब्लूटूथ किंवा झिगबीचं कुलूप आणि घरात वेगळा गेटवे (कुलपाला इंटरनेटशी जोडणारा डबा), ही जोडी जास्त टिकते. वायफाय जोडताना बरेचदा अडतं ते राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने देतो म्हणून. कुलपाला २.४ हवं. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला वेगळं नाव द्या. राउटर बदलला तर नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप जोडली जातात.

राउटरला त्याच्या व्होल्टेजचा छोटा यूपीएस लावा आणि लाईन गेल्यावर ओएनटीची, म्हणजे फायबरच्या डब्याची, वीजही चालू राहते का बघा. मी पहिल्यांदा फक्त राउटरलाच लावला होता, त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

अडलं तर

कुणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: दार उघडं असताना कुलूप नीट चालतं का? चालत असेल तर दोष दाराचा, बिजागरीचा किंवा चौकटीवरच्या पट्टीचा. उघड्या दारातही चालत नसेल तर दोष कुलपाचा, सेलचा किंवा वायरचा. ॲपमध्ये शिरायच्या आधी एवढं बघितलं की निम्मी शोधाशोध वाचते.

बेशाच्या मावसभावाचा फोन आला होता, "मोटर फिरून राहिली, पण बोल्ट पूर्ण जाऊन नाही राहिला." मागून घुर्र आवाज ऐकू येत होता. त्याला म्हटलं, दार आतून थोडं दाब आणि पुन्हा लाव. लागलं. म्हणजे पट्टी किंचित आत हवी होती. चौकटीला रबरी बीडिंग नवं लावलं होतं, ते दाराला आतल्या बाजूला ढकलत होतं. बीडिंग पातळ घेतल्यावर प्रश्न मिटला. दार दाबण्याऐवजी वर उचलल्यावर लागत असेल तर मात्र बिजागरीकडे जा.

बोल्ट बाहेर येतो आणि लगेच परत जातो, याचा अर्थ मोटरला वाटेत अडथळा लागला. पट्टीमागची खाच पुरेशी खोल आहे का बघा. तिथे सिमेंटचा खडा किंवा लाकडाचा भुसा बसलेला असतो. साफ करा आणि कॅलिब्रेशन पुन्हा करा.

ठसा वाचला, हिरवा दिवा लागला, पण हँडल नुसतं फिरतं आणि दार उघडत नाही? दोन्ही हँडलांना जोडणारा चौकोनी दांडा बघा. त्यावर किंवा क्लचवर, म्हणजे हँडल बोल्टशी जोडणाऱ्या भागावर, बाणाची किंवा त्रिकोणाची खूण असते, ती कंपनीने दाखवलेल्या दिशेला नसेल तर क्लच धरत नाही. नुसता बीप येतो आणि मोटर हलत नाही, तर बाहेरून उघडणं बंद करणारं आतलं प्रायव्हसी बटण कुणी दाबलंय का विचारा, मग सेल बघा.

कुलूप पूर्ण मेलं असेल तर बाहेरच्या भागाच्या खालच्या कडेला दोन छोटे ठिपके किंवा टाइप-सीचं भोक असतं. ठिपके असतील तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यांना टेकवून धरायची आणि ती धरलेली असतानाच पिन टाकायचा. टाइप-सी असेल तर पॉवर बँक चालते. यातून सेल चार्ज होत नाहीत, दार उघडण्यापुरती वीज मिळते. उघडलं की आधी सेल बदला.

किल्लीच्या भोकात खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका. उन्हाळी वादळातली धूळ त्यात बसून चिखल होतो. पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची भुकटी घाला. रीसेट हा अगदी शेवटचा उपाय, कारण त्याने सगळे ठसे आणि पिन जातात.

पावसाळ्यात दार फुगलं तर ऑगस्टमध्ये रंधा मारायची घाई करू नका. तेव्हा बरोबर वाटलेलं दार हिवाळ्यात खडखडतं आणि फट वाढते. पट्टीची खाच कानशीने थोडी मोठी करा, पाऊस ओसरून लाकूड सुकू द्या, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास दार बघून काय ते ठरवा.

आता राहिली कडी. बाबा रात्री कुलूप लागल्यावरही उठून आतून कडी लावत. पन्नास वर्षांची सवय. पण रात्री त्यांना काही झालं तर बाहेरून मी, काकू किंवा अँब्युलन्सवाले कुणीही ॲपवरून दार उघडू शकणार नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. कडी काढून टाका असं म्हटलं नाही. फक्त त्यांना रोज रात्री दाराशी उभं करून बोल्ट बाहेर आलेला दाखवला, बाहेरून दार ओढून दाखवलं. आठवड्याभराने त्यांनी कडी लावणं सोडलं. एक किल्ली आता काकूंच्या देवघरातल्या खुंटीला आहे, आणि नऊ व्होल्टची बॅटरी बाहेर मीटरच्या पेटीत.